गच्चीवरची पहिली तार

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कपडे वाळत घालायच्या आठ तारा होत्या आणि त्यातली पहिली आमची होती. ती आमचीच का, हा प्रश्न मला बेचाळीस वर्षांत कधी पडला नाही. आपलं नाक आपल्याच तोंडावर का, असं कोणी विचारत बसतं का? बाबांनी त्या तारेवर शर्ट वाळवले, आईने माझी दुपटी वाळवली आणि आता माझी बायको तिच्यावर चादरी वाळवत होती. एवढा सरळ हिशेब होता.

तारांमध्ये कसला आलाय पहिला-दुसरा नंबर, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी थंडीच्या दिवसांत आमच्या गच्चीवर येऊन बघावं. दक्षिणेच्या कठड्यालगत चार दगडी खांबांवर एका खोलीएवढी लोखंडी टाकी उभी होती. सूर्य कलता असला की तिची सावली सकाळी पश्चिमेकडच्या तारांवर लोळायची, दुपारी मधल्या तारांवर सरकायची आणि आमच्या तारेपर्यंत पोचेपर्यंत चार वाजायचे. तोवर आमचे कपडे घडी होऊन कपाटात गेलेले असत. बाकी सात बिऱ्हाडांचे कपडे दुसऱ्या दिवशीही हाताला गार लागत. आठव्या तारेवर तर मोजे तीन दिवस मुक्कामाला असत.

हे सगळं असंच चाललं असतं. पण मला भाषण करायची हुक्की आली.

झालं असं की सोसायटीच्या सभेत तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर, म्हणजे आमचे अध्यक्ष, यांनी जाहीर केलं की आता वय झालं, यापुढे अध्यक्षपद आपला मुलगा सांभाळेल. मी विमा कंपनीत दावे तपासतो. कुणाला काय मिळायला हवं आणि काय नको, हे ठरवण्यातच माझी वीस वर्षं गेली आहेत. साहजिकच मी उठलो. "जे जन्माने हाती आलं ते हक्काचं कसं?" अशी सुरुवात करून मी पंधरा मिनिटं बोललो. मधे एकदा टेबलावर मूठही आपटली. टाळ्या पडल्या. तिसऱ्या मजल्यावरचे प्राध्यापक तर "वा, वा!" म्हणाले, आणि ते अर्थशास्त्र शिकवत असल्यामुळे सहसा कुणाला वा म्हणत नाहीत.

टाळ्या थांबल्या आणि दुसऱ्या मजल्यावरची जुळ्यांची आई म्हणाली, "छान बोललात. मग तुमची तार?"

"कुठली तार?"

"पहिली. ती तुम्हाला कशाने मिळाली?"

मी म्हणालो, "टाकीचे ते खांब माझ्या बाबांनी स्वतःच्या हातांनी रोवलेत."

"बाबांनी रोवलेत ना? तुम्ही तर नाही रोवले?"

माझीच बंदूक, माझ्याच छातीवर. सगळे माझ्याकडे बघू लागले. बिल्डिंगमधली दोन बिऱ्हाडं नेहमी बहुमत असेल तिथे असतात (म्हणून त्यांची वेगळी ओळख करून देत नाही), तीसुद्धा मान हलवायला लागली. अशा वेळी शहाणा माणूस खाली बसतो. मी मात्र छाती पुढे काढून म्हणालो, "आजपासून पहिली तार कुणाचीच नाही! तिचं न्याय्य फेरवाटप होईल." पुन्हा टाळ्या. फेरवाटप समितीचा प्रमुख म्हणून माझी निवड झाली. समितीत बाकी कोणी यायला तयार झालं नाही, त्यामुळे मी एकमताने काम करू शकणार होतो. पोस्टमास्तरांच्या मुलाने अध्यक्षपद नको म्हणून सांगितलं आणि ते पोस्टमास्तरांकडेच राहिलं. म्हणजे ज्यावर मी भाषण केलं ते होतं तसंच राहिलं आणि माझी तार तेवढी गेली.

घरी आल्यावर हिने ताट वाढलं, पाणी ठेवलं, मग म्हणाली, "सासूबाईंनी मला दोनच गोष्टी दिल्या. एक तुम्ही आणि एक ती तार. त्यातली चांगली तुम्ही वाटून टाकलीत."

दुसऱ्या दिवसापासून जिना चढता-उतरताना मला सल्ले मिळायला लागले. न्याय या विषयावर माणसाचं मत तो कितव्या मजल्यावर राहतो यावर ठरतं, हे मला तेव्हा कळलं.

तळमजल्यावरच्या मावशींनी मला लहानपणापासून पाहिलेलं. त्या म्हणाल्या, "अरे, ओली बादली घेऊन बहात्तर पायऱ्या चढते मी. वरच्यांना काय, दार उघडलं की गच्ची. जो जास्त चढतो त्याला पहिली तार."

जुळ्यांची आई म्हणाली, "चढण्याचं काय घेऊन बसलात? ज्याला गरज जास्त त्याला तार. आमच्याकडे रोजचे तीस कपडे निघतात, तेही फक्त बाळांचे."

प्राध्यापक म्हणाले, "गरज बघितलीत तर उद्या प्रत्येक जण गरजू होईल. कर्तृत्व बघा. जो आधी उठतो त्याची तार." प्राध्यापक पहाटे पाचला उठतात.

पोस्टमास्तर म्हणाले, "इतकी वर्षं वहिवाट आहे तुमची, कशाला मोडता? एकदा वहिवाट मोडायला लागलो की मग थांबायचं कुठे?" मला गहिवरून आलं. माझ्या बाजूने बोलणारा हा एकच माणूस, आणि मी त्याच्याच विरुद्ध भाषण केलं होतं.

आमच्या समोरच्या खोलीत चष्म्याच्या दुकानात काम करणारा एक भाडेकरू राहतो. एकटा जीव. त्याच्याकडे मोजून चार शर्ट आहेत, म्हणून अख्खी बिल्डिंग त्याला चारशर्टे म्हणते, आणि आता पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारतो. चारशर्टे म्हणाला, "काका, डोकं कशाला शिणवता? सगळ्यांना सारखं द्या. एकेक दिवस."

मला ते पटलं. सोपं होतं, निर्मळ होतं आणि तक्त्यात बसत होतं. अडचण एकच. बिऱ्हाडं आठ आणि आठवडा सात दिवसांचा. त्यामुळे ज्याची पाळी या आठवड्यात सोमवारी, त्याची पुढच्या आठवड्यात मंगळवारी. मी रंगीत पेन्सिलींनी तक्ता केला आणि गच्चीच्या दाराला लावला. हा तक्ता मला आणि प्राध्यापकांनाच समजला, आणि दोघांना वेगवेगळा समजला. पहिल्याच बुधवारी एका तारेवर दोन घरांच्या चादरी चढल्या. खालची कुणाची आणि वरची कुणाची यावरून भांडण चाललं असताना वारा आला आणि दोन्ही चादरी शेजारच्या बिल्डिंगच्या झाडावर जाऊन बसल्या. त्या उतरवायला मी गेलो. झाडावरून उतरताना माझी पँट फाटली, आणि खालून तिथला रखवालदार विचारत होता, "साहेब, काही चोरलंत का?"

मग जुळ्यांच्या पाळीच्या दिवशी आभाळ भरून आलं. त्यांची आई दारात हजर. "आजचा दिवस धरायचा नाही. ढगांची भरपाई हवी." मागणी वाजवी होती. मी नियम केला: अर्ध्याहून जास्त आभाळ ढगाळ असल्यास पाळी पुढे ढकलावी. मग अर्धं आभाळ कोणी मोजायचं? प्राध्यापक आणि जुळ्यांचे वडील सकाळी गच्चीवर शेजारी शेजारी उताणे पडून आभाळ मोजू लागले. दोघांचं एकमत व्हायचं, पण तोवर ढग पुढे सरकलेले असायचे.

हेही चाललं असतं. खरा घोटाळा चारशर्टेने केला, आणि तो नियमात राहून केला हे जास्त वाईट. त्याचे चार शर्ट दोन तासांत वाळायचे. दिवसाचं उरलेलं ऊन त्याच्याकडे पडून. जुळ्यांच्या आईने ते मागितलं, त्याने दिलं. तिने बदल्यात त्याचे शर्ट इस्त्री करून दिले. प्राध्यापकांना एका शनिवारी रजया वाळवायच्या होत्या. चारशर्टेने आपला शनिवार दिला आणि त्यांच्या पुढच्या दोन पाळ्या लिहून घेतल्या. त्या दोन पाळ्या त्याने मावशींना दिल्या, आठवडाभराच्या संध्याकाळच्या जेवणावर. महिन्याभरात त्याच्याकडे पहिल्या तारेचे बावीस दिवस जमले. मी आकडा दोनदा तपासला. सकाळी त्याच्या दाराशी बायामाणसं भाजीच्या वाट्या घेऊन उभी असत आणि तो दात घासत म्हणे, "परवा बघतो. उद्याचं शक्य नाही." त्याचे गाल वर आले. त्याने पाचवा शर्ट शिवला.

"सगळ्यांना सारखं दिलं होतं ना तुम्ही?" जुळ्यांच्या आईने मला जिन्यात गाठलं. "आधी निदान एकदाच कळायचं की तार तुमची आहे, आपल्याला मिळणार नाही. आता रोज विचारायला जावं लागतं!"

माझी स्वतःची अवस्था विचारू नका. तत्त्व म्हणून मी चारशर्टेकडे पाळी मागितली नाही. आमचे कपडे आठव्या तारेवर. मी दमट पँट घालून कचेरीत जायला लागलो. खुर्चीवरून उठलो की खुर्चीवर माझा नकाशा उमटलेला असे. आमच्या साहेबांनी माझ्या टेबलाजवळची खिडकी उघडायला सांगितली आणि मग हळूच माझं टेबलच खिडकीत हलवलं. एके दिवशी घरात पाणी शिरल्याचा दावा घेऊन एक बाई आल्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि कळवळून विचारलं, "तुमच्याकडेही शिरलं का हो?"

संध्याकाळी माझा शर्ट नाकाशी धरून ही म्हणाली, "हा तुमच्या समतेचा वास."

माणूस एवढा दुखावला गेला की एकतर तो माघार घेतो किंवा अभ्यास करतो. मी रविवारी सकाळी खुर्ची आणि खडू घेऊन गच्चीवर गेलो. दर अर्ध्या तासाने टाकीच्या सावलीची कड फरशीवर आखायची आणि शेजारी वेळ लिहायची. साडेआठ. नऊ. साडेनऊ. लोक येऊन बघून जात होते; मावशींनी मला सरबतही पाठवलं, डोक्याला ऊन लागलं असेल म्हणून. दुपारी चार वाजता मी उभा राहिलो आणि फरशीवर पसरलेल्या त्या पांढऱ्या रेघांकडे पाहून माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आम्ही दोन महिने तारांवरून भांडत होतो. भांडण तारांचं नव्हतंच. ऊन आठ तारांना पुरेल एवढं होतं. मधे ती टाकी होती.

आणि ती टाकी रिकामी होती! पाण्याची नळजोडणी थेट झाल्यापासून अठरा वर्षं तिच्यात थेंब चढवलेला नव्हता. ती उगाच उभी होती, सावली पाडत.

"पाडू या," मी पोस्टमास्तरांना म्हणालो.

"पाडा," ते म्हणाले, "पण पाणीखात्याची परवानगी आणा. त्यांच्या मंजुरीने बसवलेली आहे."

पाणीखात्यातले कारकून सभ्य गृहस्थ होते. त्यांनी जाडजूड नोंदवही काढली, बोट फिरवत फिरवत खाली आले आणि म्हणाले, "तुमच्या इमारतीवर टाकी नाही."

"आहे हो. मी रोज बघतो."

"तुम्ही बघत असाल. नोंद नाही."

"मग तर उत्तमच. नसलेली टाकी पाडायला परवानगी कशाला?"

"तसं कसं? उद्या पाडताना कुणाला लागलं तर? असलेली टाकी लागेल ना!" त्यांनी पेन खाली ठेवलं. "असं करा. आधी टाकी बसवायच्या परवानगीचा अर्ज द्या. ती मंजूर झाली की नोंद होईल. नोंद झाली की पाडायचा अर्ज द्या."

"म्हणजे अठरा वर्षं रिकामी असलेली टाकी मी नव्याने बसवायची मागू?"

"कागदावरच हो. तुम्हाला काय उचलायची आहे?"

मी अर्ज दिला. 'आमच्या गच्चीवर दक्षिण बाजूस एक लोखंडी टाकी बसवण्यास परवानगी मिळावी.' ही बातमी जिन्यातून माझ्या आधी घरी पोचली. प्राध्यापक म्हणाले, "पाडायला गेलात आणि दुसरी मागून आलात?" दोन दिवस माझ्याशी कोणी बोललं नाही. चारशर्टे तेवढा खूश होता. दुसरी टाकी आली असती तर त्याच्या बावीस दिवसांचं वजन दुप्पट झालं असतं.

आठवड्याने निरीक्षक जागा पाहायला आले. धापा टाकत बहात्तर पायऱ्या चढले, टाकीभोवती एक फेरी मारली, फीत काढली, मापं घेतली आणि माझ्याकडे रागाने बघून म्हणाले, "इथे टाकी कशी बसवणार? जागा कुठे आहे? इथे आधीच एक टाकी आहे!"

"हो का?" मी म्हणालो. आयुष्यात इतक्या निरागसपणे मी दुसऱ्यांदा कधी बोललो नाही.

"अर्ज नामंजूर," ते म्हणाले आणि तिथेच शेरा लिहिला. तो शेरा मला पाठ आहे: 'जागा मोकळी नसल्याने अर्ज नामंजूर. सदर ठिकाणचे जुने बांधकाम प्रथम काढून टाकावे.' खाली सही, तारीख, शिक्का.

प्रथम काढून टाकावे! परवानगी कसली, चक्क आदेशच होता. वीस वर्षं मी लोकांचे अर्ज नामंजूर केले आहेत. नामंजुरीत एवढा गोडवा असू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

आदेशाची पक्की प्रत आणायला मी पाणीखात्यात गेलो तेव्हा जवळजवळ नाचतच होतो. कारकुनांनी प्रत दिली आणि वर एक पिवळा पडलेला कागद ठेवला. "तुमच्या इमारतीचा जुना कागद निघाला. टाकी होती हो तुमची. जागेबद्दल पत्रव्यवहार चालू होता, म्हणून नोंद राहून गेली. अर्जदाराचं आडनाव तुमचंच आहे. हवी का नक्कल?"

अक्षर बाबांचं होतं. पत्र असं होतं: 'मंजूर नकाशाप्रमाणे टाकी पूर्वेकडील कोपऱ्यात बसविल्यास इमारतीच्या पायास धोका संभवतो. सबब ती पश्चिमेकडे सरकवून बसविण्यात यावी.' बाबा इंजिनियर नव्हते. टंकलेखक होते. पायाबद्दल त्यांना एवढंच माहीत होतं की तो खाली असतो. पत्राला एक आकृती जोडली होती. गच्ची, आठ तारा, टाकीची नवी जागा, आणि तिथून पडणाऱ्या सावलीच्या रेघा, दर अर्ध्या तासाच्या. साडेआठ. नऊ. साडेनऊ. पहिल्या तारेशी चारची वेळ लिहून एक छोटीशी बरोबरची खूण केलेली.

क्षणभर मला इतका आनंद झाला की बस्स. बाप-लेकाने एकाच गच्चीवर बसून एकाच पद्धतीने एकच गोष्ट आखली होती. आणि मग माझी नजर पुन्हा त्या बरोबरच्या खुणेवर गेली. बाबांनी सावली कुठे पडेल हे शोधलं होतं ती स्वतःच्या तारेवरून हलवून दुसऱ्यांच्या तारांवर टाकण्यासाठी. सात घरांचे कपडे बेचाळीस वर्षं दमट राहिले ते काही योगायोगाने नव्हे. आणि मी भर सभेत अभिमानाने सांगितलं होतं की ते खांब बाबांनी स्वतःच्या हातांनी रोवलेत.

घरी मी कागद हिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा लावून दोनदा वाचला. "मामंजी हुशार होते," म्हणाली. मग कागदाची घडी घालत, "सभेत दाखवणार?"

"गरज काय? टाकी तर जाणारच आहे. आदेश हातात आहे. उगाच मेलेल्या माणसाची..."

"नका दाखवू मग."

"नाहीच दाखवणार."

"बरं."

मी जेवायला बसलो. दोन घास खाल्ले. "बरं म्हणजे काय?" मी विचारलं.

"बरं म्हणजे बरं. फक्त यापुढे कुणाचा दावा खोटा म्हणून परत पाठवलात, तर घरी येऊन मला सांगू नका."

शनिवारी पोस्टमास्तरांच्या गॅरेजमध्ये सभा भरली. मी आधी आदेश वाचला. टाळ्या, शिट्ट्या, प्राध्यापकांनी मला मिठी मारली. हीच वेळ होती खाली बसायची. आयुष्यात पुन्हा एकदा मी बसलो नाही. खिशातून दुसरा कागद काढला आणि वाचला. आकृतीसुद्धा हातोहात फिरवली. म्हणालो, "तार आम्हाला कशाने मिळाली, असं विचारलं होतंत. अशाने मिळाली. बाबांच्या वतीने मी माफी मागतो."

जुळ्यांची आई माझ्याकडे बघत होती, पण रागाने नव्हे.

आणि मावशी हसायला लागल्या. आधी तोंडाला पदर लावून, मग खदाखदा. "अरे वेड्या, खालच्या सह्या वाचल्यास का?"

मी वाचल्या नव्हत्या. 'वरील बदलास आमची हरकत नाही', आणि खाली सात सह्या.

"पहिली सही आमच्या ह्यांची," मावशी म्हणाल्या. "तुझे बाबा दारोदार फिरले होते. खांब त्यांनी रोवले हे खरं, पण सिमेंट आमच्या ह्यांनी कालवलं. तुम्हाला ऊन, आम्हाला अंगणातला नळ. नळ सगळ्यांचा होता, तो आमच्या दाराशी आला. पोस्टमास्तरांच्या वडिलांना हे गॅरेज मिळालं. आधी इथे सगळ्यांच्या सायकली असायच्या. आणि प्राध्यापक, तुमच्या सासऱ्यांनी जिन्याखालची खोली घेतली. फुकट सही कोणी केली नव्हती!"

आता बघण्यासारखं होतं ते सगळ्यांचे चेहरे. दोन महिन्यांपूर्वी 'जन्माने मिळालेलं हक्काचं कसं' यावर याच मंडळींनी टाळ्या वाजवल्या होत्या. प्राध्यापक घसा साफ करून म्हणाले, "जिन्याखालच्या खोलीचं जरा वेगळं आहे. तिच्यात पुस्तकं आहेत." पोस्टमास्तर म्हणाले, "गॅरेजची मी दरवर्षी रंगरंगोटी करतो. ते कष्टाचं झालं." जुळ्यांची आई ताडकन उठली. "म्हणजे या बिल्डिंगमध्ये मागून आलेले, काहीच न मिळालेले आम्ही आणि चारशर्टे, दोघंच! आणि माझी जुळ्यांची गाडी मी रोज दोन मजले उचलून नेते, जिन्याखाली जागा नाही म्हणून!"

चारशर्टे खिन्नपणे म्हणाला, "वहिनी, माझं तर कमावलेलंही चाललं. टाकी गेल्यावर माझे बावीस दिवस कोण घेणार?"

वाद पेटणार होता. पण मावशी उठल्या, गॅरेजच्या दारापर्यंत गेल्या आणि अंगणातल्या नळाकडे हात करून म्हणाल्या, "माझा नळ घ्या. आजपासून सगळ्यांचा. बादली घेऊन या आणि भरा, मला विचारायचं नाही. माझं वय झालं, सात घरांचं ओझं घेऊन मला वर जायचं नाही. म्हणजे गच्चीवर जायचं नाही असं म्हणते मी!"

लोक हसले, आणि हसून झाल्यावर प्राध्यापकांना नुसतं बसून राहणं कठीण झालं. "पुस्तकं तशी वाचून झाली आहेत," ते पुटपुटले. "गाडी मावेल तिथे." जुळ्यांच्या आईने त्यांना तिथेच वाकून नमस्कार केला आणि ते इतके लाजले की त्यांनी खोलीची किल्लीच काढून दिली. सगळे पोस्टमास्तरांकडे वळले. त्यांनी छताकडे पाहिलं, भिंतींच्या रंगाकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "अर्धं. अर्ध्या भागात सायकली लावा. पण भिंतीला टेकवू नका."

त्या सभेइतका जोरदार जयजयकार माझा कधी झाला नव्हता आणि पुढे होईल असं वाटत नाही.

रविवारी सकाळी भंगारवाला आपली माणसं आणि लोखंड कापायचं यंत्र घेऊन आला. सगळं लोखंड त्याचं, आणि गच्ची साफ करून द्यायची, असं ठरलं होतं. रविवार असल्यामुळे आठही तारांवर कपडे होते, नेहमीपेक्षा जास्तच. ते काढून ठेवावेत, हे कोणाच्याही डोक्यात आलं नाही. फेरवाटप समितीच्याही नाही. टाकी रिकामी आहे असं मी छातीठोक सांगितलं होतं. ती अगदी रिकामी नव्हती. अठरा वर्षांचं गंजाचं पाणी तळाशी शांतपणे बसून होतं. भंगारवाल्याने पहिला काप दिला आणि विटकरी रंगाची एक धार सूं करून सुटली, वाऱ्यावर पसरली आणि पहिल्यापासून आठव्यापर्यंत एकही तार न वगळता सगळ्यांच्या कपड्यांवर पडली. प्राध्यापकांच्या रजया, बाळांची तीस झबली, चारशर्टेचे पाचही शर्ट, पोस्टमास्तरांचे पायजमे. असं बिनचूक समान वाटप मला दोन महिन्यांत जमलं नव्हतं.

मी डोळे मिटले. आता आपली धडगत नाही. पण पहिला आवाज आला तो जुळ्यांच्या आईचा. "चला, नळ कुणाचा?" आणि सगळे एका सुरात ओरडले, "सगळ्यांचा!" मग आठ घरांची धुणी अंगणातल्या त्या नळाखाली आली. प्राध्यापक पिळत होते, मी आणि चारशर्टे बादल्या वर चढवत होतो, पोस्टमास्तर पाण्यात पाय घालून सूचना करत होते. बहात्तर पायऱ्या मी अकरा वेळा चढलो. मावशींच्या म्हणण्याचं वजन मला त्या दिवशी पुरतं कळलं. गंजाचा रंग पूर्ण गेला नाही, सगळ्यांच्याच कपड्यांवर पुसटशी लाली राहिली. पण आम्ही शेवटची बादली घेऊन वर पोचलो तेव्हा टाकीच्या जागी निळं आभाळ होतं आणि गच्चीभर, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत, नुसतं ऊन पडलं होतं. कोणी कोणती तार घ्यायची यावर एक शब्द झाला नाही. हाताला लागेल तिथे जो तो कपडे टाकत गेला. रंगीत तक्ता कधीतरी वाऱ्याने उडाला, तो कुठे गेला हे कोणी बघितलं नाही.

चार वाजता मी धापा टाकत वर गेलो. ही आधीच आली होती. एकेका तारेवरून चालत, प्रत्येकाच्या कपड्याला हात लावून बघत होती. पहिल्या तारेपासून आठव्यापर्यंत गेली. तिथे बाळांची झबली होती. त्यातलं एक तिने गालाला लावलं.

"काय?" मी भीत भीत विचारलं.

"वाळलं," ती म्हणाली. "सगळ्यांचं वाळलं."

लग्नाला सतरा वर्षं झाली. एवढं मोठं प्रशस्तिपत्र मला तिच्याकडून पहिल्यांदाच मिळत होतं.